आजीच्या ओव्या मोबाइलवर टिपताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बहुतेक घरांत हे असंच होतं. सुट्टीत गावी गेलेल्या नातवंडांना सुचतं, आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करू. आजीला खुर्चीत बसवतात, मोबाइल तोंडासमोर धरतात, आणि "म्हण ना एखादी" असा लकडा लावतात. आजी दोन ओव्या म्हणते, तिसरीला अडखळते आणि "आता न्हाई बाई आठवत" म्हणून उठते. हाती लागते मिनिट-दीड मिनिटाची क्लिप. ती व्हॉट्सअ‍ॅपवर चार गटांत फिरते आणि फोन बदलला की गायब होते.

यात आजीच्या विसरभोळेपणाचा भाग थोडा, आपल्या पद्धतीचा जास्त. शाळेतल्या कवितेसारख्या ओव्या ओळीने पाठ केलेल्या नसतात. हात जात्याच्या खुंट्यावर पडला, वैरण म्हणजे मुठीने घालायचं धान्य जात्याच्या तोंडात गेलं, जातं घरघरायला लागलं, की एकीतून दुसरी निघते. म्हणून ओव्या मागायच्या नाहीत, दळण मांडायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळला तर तो नंतर भरून काढता येत नाही.

१. आधी तुम्ही ऐका

गावी जाण्यापूर्वी निदान दोन-तीन तास दुसऱ्यांनी टिपलेल्या ओव्या ऐका. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या होत्या. २०१७ पासून 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर प्रसिद्ध करत आहे. मजकूर आहे, आवाज आहे, पुष्कळ ठिकाणी गाणाऱ्या बाईचं नाव-गावही आहे. फुकट ऐकता येतं.

ऐकताना लक्ष द्यायचं ते गाताना ओळ कशी मोडते, कुठे उलटते आणि कुठे पुन्हा येते याकडे. हे कानात बसलं नसेल तर पुढे लिहून काढताना तुमची फे फे उडेल.

शिवाय कोणता प्रकार टिपायला निघालो आहोत हे मनाशी पक्कं करा. लग्नात घाणा भरताना म्हणतात त्या ओव्या, पाळणे, भोंडल्याची किंवा हादग्याची गाणी, उखळावर कांडतानाची गाणी हे सगळं वेगवेगळं आहे. आजी ओघात एकातून दुसऱ्यात जाईल. जाऊ द्या, अडवू नका, पण वहीत प्रकार वेगळा लिहा. ज्ञानेश्वरीची साडेतीन चरणांची ओवी हे आणखी निराळं प्रकरण. तिचे नियम इथे लावत बसू नका. जात्यावरची ओवी बहुतेक दोन ओळींची असते आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक असतं.

२. बाई, वेळ आणि परवानगी

पीठगिरणी गावात येण्याआधी जिने रोज पहाटे दळलं आहे, अशी बाई हवी. आज ती बहुधा सत्तरीच्या पुढची असते. तुमच्याच आजीवर अडून बसू नका. तिची जाऊ, शेजारीण, वस्तीवरची एखादी म्हातारी, ज्या दोघी पूर्वी एका जात्याला बसत त्या सापडल्या तर सोन्याहून पिवळं. एकीने ओवी सुरू करायची आणि दुसरीने ती उचलायची ही जोडीची रीत. एकटी असली की निम्म्या ओव्या घशातच राहतात.

सुगीचे दिवस टाळा, लावणी-खुरपणीचेही. लग्नसराईत घर भरलेलं असतं आणि कुणालाच वेळ नसतो. तेव्हा फक्त घाण्याच्या ओव्या टिपा.

गाणं कुणासमोर होणार आहे, याचा विचार लोक करतच नाहीत. जुन्या वळणाची बाई दीर, जावई, गावातली पुरुषमंडळी समोर असताना गळा मोकळा करत नाही. सुनेचं आणि सासूचं ज्यात आलं आहे ती ओवी सून शेजारच्या खोलीत असताना म्हणत नाही. रेकॉर्ड करणारा पुरुष असेल तर उपकरण लावून द्यावं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसावं. आतलं काम बहिणीने, बायकोने, पुतणीने बघावं.

परवानगी दोनदा घ्यायची आहे. "टिपू का?" हे आधी. "कुणाला ऐकवू का?" हे नंतर, सगळं ऐकवून झाल्यावर. दोन्ही प्रश्न एका दमात विचारले तर उत्तर भिडेखातर येतं.

*सावधान:* रिकाम्या हाताने जाऊ नये हे खरं, पण ओटी भरण्याचं सामान घेऊन जाऊ नका. या वयातल्या पुष्कळ बाया विधवा असतात. जोडीतल्या एकीची ओटी भरली आणि दुसरीची नाही, तर त्या घरातलं गाणं तिथेच संपलं म्हणून समजा. सगळ्यांना सारखी वस्तू द्या. लुगडं, टॉवेल, चहा-साखर, काहीही चालेल, पण सारखं.

३. जातं चालू स्थितीत आणणं

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि रेकॉर्डिंग फसण्याचं मोठं कारणही हेच असतं. जातं वर्षानुवर्षं अंगणात पालथं पडलेलं असतं, नाहीतर त्याची एक तळी, म्हणजे दोन गोल दगडांतला एक, न्हाणीजवळ पायरी झालेली असते. ते आयत्या वेळी उचलून आणून फिरवायला सांगितलं तर फिरत नाही. म्हातारीचा खांदा भरून येतो आणि गाणं राहतं बाजूला.

निदान आठवडाभर आधी हे पाहून घ्या:

— दोन्ही तळ्या एकाच जात्याच्या आहेत का? वेगवेगळ्या जोडल्या तर त्या एकमेकींवर नीट बसत नाहीत.

— मधली लोखंडी खीळ घट्ट आहे का? वरच्या तळीच्या तोंडातली लाकडी माकडी शाबूत आहे का? माकडी कुजलेली असली तर सुताराकडून नवी करून घ्या. काम छोटं आहे, पण त्याला मागे लागावं लागतं.

— खुंटा हलवून बघा. सैल असेल तर चिंधी गुंडाळून ठोकून बसवा. सैल खुंट्याची खटखट रेकॉर्डिंगमध्ये आवाजापेक्षा मोठी येते.

— दगड गुळगुळीत झाला असेल तर टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खडबडीत करून घ्या. पाथरवट किंवा वडार समाजातली जुनी माणसं हे काम करतात. तालुक्याच्या बाजारात चौकशी केली तर सापडतात.

टाकी लावल्यावर पहिलं दळण खायचं नाही, त्यात दगडाची कच येते. थोडं भुसकट किंवा टाकाऊ धान्य दळून काढा आणि ते पीठ फेकून द्या. मग ओल्या फडक्याने तळ्या पुसून उन्हात पूर्ण वाळू द्या. ओलसर जात्यात पीठ चिकटतं आणि जातं जड होतं.

धान्य ज्वारी किंवा बाजरीचं घ्या. निवडलेलं, कडकडीत वाळलेलं. किलोभर पुरे.

*सावधान:* व्हिडिओत छान दिसतं म्हणून रिकामं जातं फिरवायला लावू नका. दगडावर दगड घासून टाकी मरते. आणि ज्या बाईने आयुष्यभर दळलं, तिला रिकामं जातं ओढणं चमत्कारिक वाटतं. गाणं येतच नाही.

*तपासा:* आदल्या दिवशी कुणा तरण्या बाईने मूठ-दोन मुठी दळून पाहिलं का? पीठ कडेने सगळीकडून सारखं पडतंय का? एकाच बाजूने पडत असेल तर जातं सपाट बसलेलं नाही. खाली पोतं सारखं करा.

म्हातारीची तब्येत ओढण्याजोगी नाही, तर ओढायला दुसऱ्या कुणा बाईला बसवा आणि आजीचा हात नुसता खुंट्यावर राहू द्या. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. तेही जमत नसेल, किंवा जातं मिळालंच नाही, तर सूप पाखडताना, धान्य निवडताना, हाताला काही काम असताना गाऊ द्या. खुर्ची मात्र नको.

४. आवाज टिपण्याची मांडणी

महागडं उपकरण लागत नाही, साधा मोबाइल चालतो. चुका मांडणीत होतात.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये वेव्ह (WAV) हा फाइलचा प्रकार निवडा. तो नसेल तर जी सर्वांत वरची गुणवत्ता असेल ती. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशा वेव्ह फाइलला मिनिटाला सहा एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे तासाला साधारण ३५० एमबी. तेवढी जागा मोकळी आहे का, ते घरून निघतानाच बघा.

फोन जमिनीवर ठेवायचा नाही. जात्याची थरथर फरशीतून थेट माइकमध्ये जाते आणि नुसती गुरगुर ऐकू येते. घडी घातलेल्या गोधडीवर, स्टुलावर किंवा पाटावर, गाणाऱ्या बाईच्या तोंडापासून हात-दीड हात अंतरावर आणि जात्यापासून जरा बाजूला ठेवा. माइकचं भोक तिच्या दिशेला. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रीज त्याच खोलीत असेल तर तेवढ्यापुरता तोही बंद. कोंबड्या, कुत्री, लहान पोरं यांचं काही करता येत नाही. आली तर आली.

'नॉइज रिडक्शन' वगैरे जे काही असेल ते बंद करा. फोनच्या लेखी जात्याची घरघर म्हणजे गोंगाट. तो ती पुसायला जातो आणि तिच्याबरोबर आवाजाचे शेवटचे हेलही पुसतो. परदेशातून व्हिडिओ कॉलवर आजीला गायला लावणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. कॉलवर आलेलं रेकॉर्डिंग आठवण म्हणून ठीक, नोंद म्हणून निरुपयोगी. कॉल चालू ठेवायचा असेल तर ठेवा, पण आजीजवळच्या माणसाला दुसऱ्या फोनवर वेगळं टिपायला सांगा.

*तपासा:* मिनिटभर टिपून हेडफोन लावून ऐका. शब्द कळतात का? घरघर आवाजाच्या खाली आहे की वर? वर असेल तर फोन जात्यापासून लांब न्या, बाईच्या जवळ आणा.

५. पहिली बैठक: नुसतं दळण

रेकॉर्डर चालू करा आणि त्यात तुम्ही स्वतः बोला: तारीख, गाव, तालुका, बसलेल्या बायांची नावं, माहेरची गावंसुद्धा. माहेरचं गाव विसरू नका. लग्नानंतर बाई गाव बदलते, ओव्या माहेरून घेऊन येते. सासरच्या गावाच्या नावावर टाकलेली ओवी कित्येकदा चार तालुके पलीकडची असते.

मग गप्प बसा. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं नुसतं दळण होईल, गप्पा होतील, पोरांना हाका मारल्या जातील. रेकॉर्डर बंद करू नका. "चालू करू का आता?" असं विचारलं की बाई सावरून बसते आणि कार्यक्रम सुरू होतो. आपल्याला कार्यक्रम नको आहे.

गाडी अडलीच तर "तुम्हाला ओव्या येतात का?" असं विचारू नका. त्याला उत्तर "नाही" हेच येतं. दळणाबद्दल विचारा. जोडीला कोण बसायचं? पहिल्या वैरणीला कुणाचं नाव घ्यायच्या? भाऊ न्यायला यायचा तेव्हा काय म्हणायच्या? पंढरीच्या वाटेचं काय म्हणायच्या? प्रश्न विषयाचा असला की ओवी उत्तर म्हणून येते. पुष्कळजणी "पहिली माझी ओवी" म्हणून देवाचं नाव घेत मोजणीची माळ लावतात. काही घरांत त्याच माळेत बुद्धाचं आणि भीमरावांचं नाव येतं. कुठलीही माळ मध्ये तोडू नका. दुसरी-तिसरीनंतर प्रश्न घुसडला की पाचवी-सहावी गेलीच.

एका बैठकीला पाऊण तास खूप झाला. म्हातारं माणूस दमलं तरी बोलून दाखवत नाही, तुम्हीच थांबा. दळलेल्या पिठाची भाकरी त्याच घरी त्याच दिवशी होऊ द्या. ते पीठ "आठवण" म्हणून पिशवीत भरून शहरात नेण्याचा प्रकार मला तरी बरा वाटत नाही.

६. दुसरी बैठक: बोलून

दुसऱ्या दिवशी, जात्याशिवाय. आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग थोडं थोडं ऐकवा आणि तीच ओवी साध्या बोलण्यात सांगायला सांगा. ही बैठक गाळली की लिहिताना घोळ झालाच म्हणून समजा. का, ते एका जोडीवरून बघा. पुढची ओवी कुणाची नाही, समजावण्यासाठी मीच जुळवली आहे. बोलून सांगितली तर ती अशी येईल:

दळण दळीते, माझ्या सुपात जवारी
माहेराच्या वाटं, बंधु येतो घोड्यावरी

गाताना तीच अशी येते:

सुपात जवारी ग बाई, दळण दळीते
दळण दळीते, माझ्या सुपात जवारी
बंधु घोड्यावरी ग, माहेराच्या वाटं
माहेराच्या वाटं, बंधु येतो घोड्यावरी

ओळीचा शेवटचा तुकडा आधी आला, मग पूर्ण ओळ, मध्ये 'ग बाई'ची भर. फक्त गायलेलं ऐकून लिहिणारा याच्या दोन ओव्या करतो, किंवा पुनरुक्ती कापून तिसरंच काही बनवतो. दोन्ही रूपं हवीत. मजकूर म्हणून बोललेलं रूप, आणि त्याखाली गायलेलं जसंच्या तसं.

अर्थ विचारायची वेळही हीच. ओवीतलं नातं सहसा सरळ नावाने येत नाही. 'राघू' आणि 'मैना' म्हणजे बहुधा मुलगा आणि मुलगी. 'हौशा' म्हणजे नवरा, 'चुडा' म्हटलं तरी पुष्कळदा रोख त्याच्याकडेच. 'बया' म्हणजे आई. 'मालन' कोण हे प्रत्येक वेळी विचारूनच घ्यावं लागतं. 'बया'चं 'बाया' केलंत तर एका कान्याने आईची ओवी सगळ्या बायकांची होऊन बसते. आपल्याला कळलं असं समजून पुढे जाऊ नका. "ही कोण?" एवढा प्रश्न पुरतो.

*सावधान:* अर्थ विचारा, पण "हे तुमच्याच बाबतीत घडलं का?" असं विचारू नका. मारहाण, सवत, टाकून देणं हे सगळं ओव्यांत येतं. ओवीच्या आडोशाने सांगितलेलं आडोशालाच राहू द्या. तिने आपण होऊन सांगितलं तर ऐका, आणि रेकॉर्डर बंद करू का, असं विचारा.

७. लिहून काढणं

इथे शिकलेल्या माणसाचा हात शिवशिवतो. 'पानी'चं पाणी होतं, 'इठ्ठल' विठ्ठल होतो, 'येळ' वेळेवर येते, आणि चार पानांनंतर ओव्या कुठल्याही बाईच्या उरत नाहीत. बोली सुधारायची नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मराठवाडी, मालवणी, जी असेल ती, आणि एकाच ओवीत एकच शब्द दोन तऱ्हांनी आला असेल तर दोन्ही तऱ्हांनी. प्रमाण रूप द्यायचंच असेल तर खाली टीप म्हणून द्या.

मात्रा मोजून ओळ 'बसवू' नका. अक्षर जास्त झालं तर ती ते गाताना आवळते, कमी पडलं तर 'बाई', 'ग', 'सांगते' घालून भरते. तो तिचा हिशेब, बरोबरच असतो.

न कळलेल्या शब्दाच्या जागी अंदाजाने काही लिहू नका. कंस करा, आत प्रश्नचिन्ह टाका, शेजारी रेकॉर्डिंगमधला मिनिट-सेकंद लिहा. गावातल्या दुसऱ्या म्हातारीला ऐकवलं की निम्मे कंस भरतात.

आणि पाठभेद एकत्र करू नका. तीच ओवी जाऊबाईंनी एक शब्द बदलून म्हटली तर ती स्वतंत्र नोंद. दोघींचं चांगलं चांगलं घेऊन 'शुद्ध पाठ' तयार करायची हौस काही संपादकांना असते. तसा पाठ कुणीच कधी गायलेला नसतो. इंटरनेटवरच्या एखाद्या ओवीवरून आजीची ओवी दुरुस्त करणं हाही त्यातलाच प्रकार.

*तपासा:* लिहिलेली पानं समोर धरून रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून ऐका. तुम्ही न लिहिलेली ओवी किमान एक तरी सापडेल.

८. नोंद आणि साठवण

हे काम कंटाळवाणं आहे, पण फार वेळ खात नाही. प्रत्येक ओवीला क्रमांक द्या. त्यापुढे गाणारीचं नाव, माहेर-सासर, तारीख, फाइलचं नाव, मिनिट-सेकंद आणि विषय. विषय आधी ठरवून खाने पाडू नका. सगळ्या ओव्या उतरल्यावर त्यांतूनच भाऊ, माहेर, लेक, शेत, पंढरी, सीता असे गट दिसायला लागतात. एक ओवी दोन गटांत गेली तर जाऊ द्या.

फाइलचं नाव 'आजी नवीन १' असं नको. वर्ष-महिना-दिवस-गाव-नाव-क्रमांक असं ठेवलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. मूळ फाइलला कात्री लावायची नाही. काटछाट करायची ती नकलेवर. मूळ तीन ठिकाणी ठेवा: घरातली हार्ड डिस्क, क्लाउड, आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे एक पेनड्राइव्ह. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, तशी पाठवलेली फाइल दाबली जात नाही.

९. बाहेर देण्याआधी

आता दुसरी परवानगी. टाकण्याआधी सगळ्या ओव्या नावांसाठी एकदा चाळा. ओवीत भावाचं, लेकाचं, गावाचं खरं नाव गुंफायची रीत आहे. तो भाऊ हयात असेल, त्याच्या वाट्याचं काही बरं-वाईट त्यात असेल. सासूचं गाऱ्हाणं असेल, कुठे जातीचा उल्लेख असेल. प्रत्येक अशी ओवी बाईला वेगळी वाचून दाखवा आणि ठेवायची की काढायची ते तिला ठरवू द्या. ती नको म्हणाली तर ती ओवी घरच्या प्रतीत राहील, बाहेर जाणार नाही. 'संस्कृती जपायला हवी' असं सांगून तिचं मन वळवू नका.

कायद्याच्या बाजूनेही हे सैल सोडायचं नाही. ओवी परंपरेची असली तरी तिचं गाणं तिचं आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचे हक्क वेगळे मानलेले आहेत. यूट्यूबवर टाकताना, मागे संगीत जोडताना, कुणाला अल्बमसाठी देताना तिची संमती लेखी किंवा रेकॉर्ड केलेली असावी. गाणारीचं नाव शीर्षकात द्या, तुमचं खाली. तिला नाव नको असेल तर 'अमुक तालुक्यातली बाई' एवढंच लिहा.

शेवटी छापील वही मोठ्या अक्षरांत काढून तिला द्या आणि आवाज पेनड्राइव्हवर घालून घरच्या स्पीकरवर लावून द्या. शेजारणींना बोलवा. ऐकताना "तसं न्हाई, असं हाय" म्हणत दुरुस्त्या निघतात, आणि त्यांच्या मागून आधीच्या बैठकींत न आलेल्या ओव्याही येतात. तेव्हा दुसरा फोन आधीच गोधडीवर ठेवलेला असू द्या, रेकॉर्डर चालू करून.